हब मोटर पुन्हा पुन्हा बंद पडते? हॉल सेन्सर बदलण्याआधी मीठ कुठून आत जातंय ते शोधा

नवी मुंबईत नेरूळला माझं बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. दिवाळे, सारसोळे, करावे या खाडीकाठच्या गावांतल्या बऱ्याच गाड्या माझ्याकडे येतात. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात दिवाळ्याच्या एका मावशींची चाकातच मोटर (हब मोटर) असलेली स्कूटर एकाच तक्रारीसाठी तीन वेळा आली. मावशी सकाळी मासळी उचलतात, मागच्या कॅरिअरवर टप बांधतात आणि सोसायट्यांच्या गेटवर फिरून विकतात. गाडी बंद पडली की त्या दिवसाचा धंदा गेला आणि बर्फातला मालही गेला. म्हणून तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी ती ठेवूनच घेतली. मूळ कारण सापडेपर्यंत परत द्यायची नाही, असं ठरवलं. जे सापडलं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण ठाण्यापासून उरणपर्यंत खाडीच्या कडेने चालणाऱ्या कितीतरी गाड्यांचं हेच दुखणं आहे आणि लोक सरळ नवीन मोटरचे पैसे मोजून मोकळे होतात.

तक्रार अशी होती: जागेवरून निघताना गाडी गचके देते. मोटर गुरगुरते, थरथरते, पण चाक फिरत नाही. पायाने जरा ढकललं की चालू लागते. दुपारभर उन्हात उभी राहिली की आपोआप बरी होते आणि रात्रभर पावसात राहिली की सकाळी पुन्हा तेच. ऊन-पावसाबरोबर दुखणं कमी-जास्त होत असेल तर आत ओल आहे, असं धरून चालायला हरकत नाही. जळलेला कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उन्हाने बरा होत नसतो.

जूनमध्ये मी मल्टिमीटर लावला तर एक हॉल सेन्सर (चाक कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवणारा मोटरमधला सेन्सर) अडकलेला निघाला. मोटर उघडली, तिन्ही सेन्सर नवीन टाकले, कॉम्प्रेसरने हवा मारली, गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि बंद केली. सहा आठवडे चालली. दुसऱ्या वेळी वाटलं की पाणी कव्हरमधून शिरतंय, म्हणून कव्हरच्या कडेने, वायर ॲक्सलमधून (चाकाच्या आसातून) बाहेर येते तिथे आणि आत हॉलच्या वायरींच्या जोडावरही सिलिकॉन भरलं. या वेळी महिनाही धड गेला नाही.

तिसऱ्यांदा कव्हर काढायला गेलो तर सहापैकी दोन स्क्रू हललेच नाहीत. डोकी तुटली, ड्रिल मारून काढावी लागली. प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती रवाळ पांढरी भुकटी जमली होती. आत स्टेटरच्या (मोटरचा न फिरणारा, तांब्याच्या तारा गुंडाळलेला भाग) पत्र्यांवर तपकिरी गंजाचा थर होता. पण मला खटकलं ते हॉलच्या वायरींच्या जोडाजवळ. मी ज्या सिलिकॉनने तो जोड झाकला होता त्याच्याच खाली तांबं सगळ्यात जास्त हिरवं झालं होतं. उघड्या जागी कमी आणि झाकलेल्या जागी जास्त, असं उलटं चित्र होतं.

मग मी एक साधी चाचणी केली. ती घरीही करता येते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा स्टेटरच्या कडेवर फिरवला, कपभर नवीन डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळला आणि त्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) धरला. पाण्याचा आधीचा आकडा दोन-तीन होता, तो एकदम चारशेच्या पुढे गेला. नुसत्या पावसाच्या पाण्याने इतका आकडा येत नाही. आत मीठ बसलं होतं. जूनमध्ये माझ्या हवेने आणि स्प्रेने ते हललंच नव्हतं.

मी मावशींना फोन लावला. "मावशी, गाडी कधी धुता का?"

"दादा, गारी त मी रोज धुतय. मासलीचा वास नको याला."

कधी धुता? घरी आल्या आल्या. कुठल्या पाण्याने? घरामागच्या बोअरिंगच्या, पाइप लावून. गाडीची इतकी काळजी घेणाऱ्या बाईची मोटर नेमकी त्या काळजीनेच खराब होत होती. हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं.

मोटर स्वतःच पाणी ओढून घेते

हब मोटर बाहेरून डब्यासारखी बंद दिसते, पण ती हवाबंद नसते. दोन बाजूंची कव्हरं, त्यांच्याखाली पातळ गॅस्केट, ॲक्सलवर रबरी सील आणि पोकळ ॲक्सलमधून बाहेर येणारी जाड केबल, अशा चार-पाच ठिकाणी बारीक फट असतेच. मावशींसारखी गाडी, म्हणजे माल लादून थांबत-थांबत फिरणारी, दुपारी घरी येते तेव्हा मोटर चांगलीच तापलेली असते. समजा आतली हवा ८० अंश सेल्सिअसला आहे आणि तुम्ही तिच्यावर २८ अंशांचं पाणी सोडलंत. ती हवा सुमारे १५ टक्क्यांनी आकसते. आत पोकळी तयार होते आणि ती भरून काढायला बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. त्या क्षणी फटीवर पाणी असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. डॉक्टर इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये औषध ओढतात, अगदी तसंच.

म्हणजे रोज दुपारी मोटर एक घोट पाणी पीत होती. ते पाणी गोडं असतं तरी त्रास झालाच असता, पण खाडीकाठच्या बोअरिंगचं पाणी बहुतेक ठिकाणी मचूळ असतं. मी मावशींच्या बोअरिंगचं पाणी बाटलीत मागवून मीटर लावला. आपल्याकडे मोरबे धरणाचं जे नळाचं पाणी येतं त्याच्या कितीतरी पट आकडा आला.

दुसरी वाट केबलची. टपातल्या बर्फाचं पाणी कॅरिअरवरून गळत होतं. ते केबलवर पडून तिच्या उताराने थेंब-थेंब ॲक्सलच्या भोकात उतरत होतं. मी बाटलीने टपाखाली पाणी सोडून बघितलं. थेंब केबलच्या खालच्या अंगाला लोंबकळत सरकत येतो, ॲक्सलच्या नटाशी क्षणभर थांबतो आणि दिसेनासा होतो. खाली पडत नाही, आत जातो. केबलचं वरचं प्लास्टिक कुठे चिरलं असेल तर पाणी आतल्या तारांमधूनही वातीत तेल चढावं तसं सरकतं. मी ती केबल सोलली तेव्हा ॲक्सलपासून बोटभर लांबीपर्यंत तांबं काळं पडलेलं होतं. अशा काळ्या तारेवर सोल्डर पकडत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागे जावं लागतं.

सारखं मीठच का म्हणतोय

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याच्याही बरंच आधी. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वरच असते. म्हणजे मोटरमध्ये एकदा मिठाचा पातळ थर बसला की पुढे बाहेरून एक थेंबही गेला नाही तरी तो थर स्वतःच ओला राहतो. उन्हात सुकतो, रात्री पुन्हा ओलसर होतो. गाडी दुपारी बरी आणि सकाळी आजारी का होते, त्याचं उत्तर यात आहे.

हे ओलं मीठ वीज वाहून नेतं. हॉल सेन्सरची पाच व्होल्टची वायर आणि तिच्या शेजारची सिग्नलची वायर यांच्यामध्ये ते चोरवाट तयार करतं. सेन्सर चांगला असूनही कंट्रोलरला चुकीचा सिग्नल जातो आणि गाडी गचके देते. त्या ओलीत वीज खेळत राहिली की धन बाजूचं तांबं विरघळतं. म्हणून कनेक्टर उघडलात तर आधी लाल वायरच्या पिनेकडे बघा. ती काळ्या वायरच्या पिनेपेक्षा जास्त हिरवी आणि खाल्लेली दिसली तर मीठच आहे.

ॲल्युमिनियमच्या कव्हरवर निसर्गतः एक पातळ संरक्षक थर असतो. मिठातलं क्लोराइड त्याला जागोजागी भोकं पाडतं. त्यात स्टीलचा स्क्रू बसवलेला, आणि दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला जास्त सक्रिय धातू, म्हणजे इथे ॲल्युमिनियम, आधी झिजतो. स्क्रूभोवतीची पांढरी भुकटी म्हणजे झिजलेलं कव्हर. आतली चुंबकं निओडिमियमची असतात, वर निकेलचा मुलामा असतो. मुलामा एका कोपऱ्यात उडाला तरी आतलं लोखंड गंजून फुगतं, चुंबक वर उचलला जातो आणि स्टेटरला घासायला लागतो. मधली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. 'खर्र' असा आवाज आला की गाडी तिथेच थांबवा. ती चालवत घरी नेण्याच्या नादात वाईंडिंग (स्टेटरवरची तारांची गुंडाळी) सोलून निघतं.

नेमकं कुठून येतं

गिऱ्हाईक बहुतेक वेळा "खारी हवा आहे हो इथली" म्हणून सोडून देतं. हे मला पटत नाही. हवेत मीठ मिसळतं ते मुख्यतः लाटा फुटून उडणाऱ्या बारीक तुषारांतून. ठाण्याची खाडी शांत आहे, काठाला चिखल आणि खारफुटी आहे. त्याच शांत चिखलावर फ्लेमिंगो उतरतात. पाम बीच रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीवर हवेतून मीठ बसतंच, पण त्याने कव्हर काळवंडायला काही वर्षं लागतात. सहा आठवड्यांत मोटर जाते ती खाऱ्या पाण्याने.

माझ्याकडे आलेल्या गाड्यांत सगळ्यात जास्त दोष मासळीच्या टपाच्या गळतीचा निघाला. नुसती ओली मासळीच नव्हे, सुकट आणि सुके बोंबील नेणाऱ्यांच्या गाड्याही बघा. पोत्यातून गळणारी मिठाची बारीक पूड कॅरिअरच्या फटीत साठते आणि पहिल्या पावसात खाली येते. त्याखालोखाल मचूळ पाण्याने धुणं. तिसरं, उधाणाच्या भरतीला जोराचा पाऊस आला की खालच्या सेक्टरांत साचणारं पाणी. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून वसलेला आणि भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळचं साचलेलं पाणी निव्वळ पावसाचं असेल असं धरू नका. जेट्टीच्या उतारावर चाक पाण्यात घालून माल चढवणारेही आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, गाडी वर उभी करा आणि टप चार पावलं उचलून आणा.

उघडण्याआधी तपासणी

गाडी वॉरंटीत असेल तर मोटर स्वतः उघडू नका, वॉरंटी जाईल. बाहेरच्या चाचण्या मात्र करता येतात.

बॅटरीचा एमसीबी बंद करा, कंट्रोलरपासून मोटरच्या तिन्ही जाड वायरी सोडवा, त्या एकमेकींना टेकणार नाहीत असं बघा आणि गाडी स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा. वायरी सोडवल्यावर चाक हलकं झालं तर दोष कंट्रोलरकडे किंवा जोडात आहे. तरीही जड, अडखळत फिरत असेल तर वाईंडिंग एकमेकांत शॉर्ट आहे किंवा बेअरिंग गेलंय. बेअरिंगचा कचकच आवाज कानाला कळतो. वाईंडिंगच्या शॉर्टमध्ये आवाज येत नाही, नुसता दाब जाणवतो.

मग मल्टिमीटर सर्वांत वरच्या रेझिस्टन्सवर ठेवून एकेक जाड वायर आणि ॲक्सल यांच्यामध्ये बघा. काहीही आकडा दिसता कामा नये. सकाळी आकडा दिसतो आणि दुपारी जातो असं झालं, तर ओल पकडलीत. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर २५० व्होल्टवर बघा, पण कंट्रोलर आणि हॉलच्या वायरी पूर्ण सोडवूनच. नाहीतर चांगले सेन्सर तुमच्या हाताने जातील.

हॉलसाठी बारीक वायरींचा कनेक्टर जोडलेला ठेवून गाडी चालू करा. लाल-काळ्यामध्ये पाच व्होल्टच्या आसपास यायला हवेत. मग काळ्यावर एक टोक ठेवून पिवळी, हिरवी, निळी एकेक बघत चाक अगदी हळू फिरवा. प्रत्येकीवर आकडा शून्याच्या जवळ आणि पाचच्या जवळ असा आलटून-पालटून यायला हवा. एखादी मध्येच दोन-अडीचवर लोंबकळत असेल तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. जूनमध्ये मी तेच केलं. आधी कनेक्टर उघडा, डिस्टिल्ड वॉटरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, सुकवा आणि पुन्हा मोजा. माझ्याकडे अशा धुण्यानेच बऱ्या झालेल्या गाड्या आहेत.

आतली धुलाई

मोटर उघडताना पुलर वापरा आणि बोटं मध्ये घालू नका. चुंबकाची ओढ इतकी असते की रोटर (चुंबकं असलेला फिरणारा भाग) हातातून निसटून स्टेटरवर आपटतो आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं.

आता माझी पहिली चूक. गंज सोडवायचा स्प्रे, रॉकेल, डिझेल यांपैकी कशातही मीठ विरघळत नाही. त्यावर तेलाचा पापुद्रा बसतो आणि मीठ खाली सुखरूप राहतं. कॉम्प्रेसरच्या हवेने सुटी धूळ उडते, चिकटलेला थर तसाच राहतो. मीठ काढायला पाणीच लागतं. मोटर पाण्याने धुवायची हे ऐकून लोक दचकतात, पण डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश घेऊन स्टेटर नीट धुवायचा. खाली पडणारं पाणी वाटीत धरून टीडीएस मीटर लावायचा आणि आकडा वीस-तीसच्या खाली येईपर्यंत धूत राहायचं. मावशींच्या स्टेटरला मला पाच वेळा धुवावं लागलं. शेवटी अल्कोहोलचा एक हात, म्हणजे फटीतलं पाणी निघून येतं.

सुकवताना घाई नको. रिवाईंडिंगवाले वापरतात तीच युक्ती: पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब, खोक्याला टेकणार नाही असा, आणि त्यात रात्रभर स्टेटर. अधूनमधून लक्ष ठेवायचं. रोटर वेगळा ठेवा. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंशांच्या वर कमी व्हायला लागते आणि त्याचा गोंदही सैल होतो. रोटर ६० अंशांच्या आतच सुकवा, हीट गन तर त्याच्याजवळही नको.

सुकल्यावर स्टेटरवर हवेत सुकणारं लाल इन्सुलेशन वार्निश, दोन पातळ हात. रोटरच्या आतल्या बाजूलाही पातळ हात द्या, पण आधी गंजाची पापडी ब्रशने काढून. फट मिलिमीटरपेक्षा कमी आहे हे विसरून जाड थर दिलात तर तोच घासेल. बेअरिंगची बैठक आणि गॅस्केटची कड मास्किंग टेपने झाका. बेअरिंग दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या, त्याच्या नंबरापुढे '२आरएस' असतं. 'झेडझेड'वालं पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पाणी अडवत नाही.

दुसरी चूक सिलिकॉनची. बाजारात मिळणारं स्वस्त सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो ॲसिटिक आम्लाचा वास. सुकताना ते आम्ल बाहेर पडतं आणि तांब्याला खातं. मावशींच्या मोटरमध्ये झाकलेल्या जागी तांबं जास्त हिरवं झालं होतं ते माझ्या त्या सिलिकॉनमुळे. घ्यायचं असेल तर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या. त्याला आंबट वास येत नाही. दुकानदाराला नाव कळलं नाही तर ट्यूबचं टोक उघडून हुंगून बघा. आतल्या वायरींच्या जोडांना तर सिलिकॉन नकोच. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी चढवा.

कव्हरला नवीन गॅस्केट, त्यावर न्यूट्रल सिलिकॉनची अगदी बारीक रेघ, आणि स्क्रू मरीन ग्रीस लावून. दिवाळ्यात होडीची इंजिनं बघणाऱ्यांकडे ते नेहमी असतं. ग्रीस स्क्रूच्या आट्यांना आणि डोक्याखालीही लावा, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये पाणी जाणार नाही.

कव्हरला खालून बारीक भोक पाडून 'आत गेलेलं पाणी निघून जाईल' असं करणारे मेकॅनिक आहेत. घाटावर ते चालत असेल. खाडीकाठी मी ते करत नाही. पाणी निघून जातं, पण मीठ आतच राहतं, आणि साचलेल्या पाण्यात गेलात की तेच भोक दार होतं.

बाहेरचं काम, जे सगळ्यात महत्त्वाचं आहे

आतून कितीही चांगलं काम करा, टप गळतच राहिला तर गाडी परत येणार. मावशींच्या कॅरिअरवर मी कड असलेला प्लास्टिकचा ट्रे बसवला, एका कोपऱ्याला उतार दिला, तिथे भोक पाडून वॉशिंग मशीनचा जुना ड्रेन पाइप जोडला आणि तो पुढे पायाजवळ ठेवलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडला. केबलची वाट बदलली: ॲक्सलमध्ये शिरण्याआधी ती ॲक्सलच्या खाली एक झोका घेते आणि मग वर येऊन आत जाते. केबलवरून आलेला थेंब झोक्याच्या तळाशी खाली टपकतो, आत चढत नाही. याला पाच मिनिटं आणि एक झिप टाय लागते. तुमच्या गाडीला आजच करून घ्या. झोका चाकाला किंवा रस्त्याला घासणार नाही एवढं बघा. नटावर जुन्या ट्यूबचा एक तुकडा छत्रीसारखा बांधलाय.

धुण्याची पद्धतही ठरवून दिली. घरी आल्यावर गाडी तासभर सावलीत उभी. मोटरच्या कव्हरवर तळहात आरामात टेकतोय असं वाटलं की मगच पाणी. नळाचं पाणी बादलीत घेऊन मगाने, वरून खाली. पाइपचा जोर नको, सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप तर अजिबात नको. मासळीवाल्यांनी पावसाळ्यात रोज, बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा.

मोटरवर पाणी आत न जाण्याचा 'आयपी६७' हा दर्जा लिहिलाय म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी: तो आकडा एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास, थंड आणि नवीन मोटरची चाचणी सांगतो. तापलेली मोटर, दोन वर्षं वापरलेलं रबर आणि खारं पाणी यांचा त्यात विचार नाही. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, पाच टक्के मिठाचं पाणी ३५ अंशांवर फवारून करतात. गाडी घेताना ती झाली आहे का, हे विचारा.

मावशींचा मुलगा होडीवर जातो. त्याने विचारलं, "दादा, होडीच्या पंख्याजवळ जस्त लावतो तसं मोटरला लावलं तर?" प्रश्न अगदी रास्त आहे. होडीला ते चालतं, कारण जस्त आणि पंखा दोन्ही सतत एकाच पाण्यात बुडलेले असतात आणि त्या पाण्यातूनच जस्त दुसऱ्या धातूचा मार स्वतःवर घेतं. गाडीच्या मोटरवर नुसता ओलसर थर असतो, जस्त त्याच्या जेमतेम आजूबाजूची जागा वाचवेल. आतल्या तांब्यापर्यंत त्याचा उपयोग पोचत नाही.

साचलेल्या पाण्यात चाक ॲक्सलच्या वर बुडालं असेल तर घरी येऊन गाडी चार्जिंगला लावू नका. थंड होऊ द्या, बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, कनेक्टर उघडून सुकवा आणि दोन-तीन दिवसांत मोटर उघडून घ्या. गाडी चालतेय म्हणून महिनाभर थांबलात तर धुण्याने निभावण्यासारखं काम चुंबकं आणि वाईंडिंगपर्यंत जातं.

मावशींची गाडी यंदाचा अख्खा पावसाळा चालली. ऑक्टोबरमध्ये मी ती मुद्दाम तपासायला बोलावली. लाल वार्निश जसंच्या तसं होतं, बोळ्याच्या पाण्याचा आकडा वीसच्या आत आला. डाव्या बाजूचं बेअरिंग मात्र किंचित बोलत होतं, ते बदललं. कव्हरचे सहाही स्क्रू साध्या टी-पान्याने, हाताच्या जोरावर सुटले.